खर्चाचा अधिकार कोणाकडे?

‘समावेशनासाठी पैसे लागत नाहीत, लोकांची मानसिकता बदलली की पुरे,’ हे कंपन्यांमधल्या दिव्यांगांच्या समावेशनावरच्या लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. चाकणच्या एका कारखान्यात मी ३ वर्षं दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी संपर्क अधिकारी होते, म्हणजे त्यांची भरती आणि सोयीसुविधा बघायचं काम माझ्याकडे होतं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आणि २०१७ चे नियम यांमुळे २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेलाही असा अधिकारी नेमावा लागतो, समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. धोरण आम्ही वेबसाइटवर टाकलं, नोटीस बोर्डावरही लावलं. पण माझ्या हातात एक रुपयाही नव्हता.

आमच्या लाइनवर ४ कर्णबधिर मुलं होती. आगीचा भोंगा वाजला तर त्यांना कळणार कसं? लुकलुकणारे दिवे बसवायची मागणी ८ महिने खरेदी विभागात अडकून पडली. मॉक ड्रिलच्या दिवशी सगळे बाहेर आणि त्या चौघांतला एक जण मशीनपाशीच काम करतोय! सुपरवायझरची मानसिकता उत्तम होती, तोच धावत आत जाऊन त्याला घेऊन आला. दिवे मात्र प्लांट हेडनी स्वतःच्या बजेटमधून मंजूर केले तेव्हाच लागले. मग सेफ्टीच्या मीटिंगला महिन्यातून दोनदा सांकेतिक भाषेचा दुभाषीही येऊ लागला. लेखकांना विनंती, पुढच्या वेळी कंपन्यांशी बोलाल तेव्हा हे काम सांभाळणाऱ्या माणसाला खर्चावर सही करता येते का, एवढं जरूर विचारा.