ग्वाल्हेरचा किल्ला: गाडीने की पायी?

बंड्याचं ग्वाल्हेर ठरलंय. आईला घेऊन जाणार आहे. काल कट्ट्यावर बसल्या बसल्या त्याने बेत सांगितला. "उरवाई दरवाज्याने गाडी थेट वर जाते. मानसिंगाचा मानमंदिर राजवाडा, सासबहू आणि तेली का मंदिर ही देवळं, दोन तासांत मोकळे. मग खाली शिंद्यांचा जयविलास महाल."

मास्तर उसळलेच. "गाव पूर्वेला, किल्ल्याचा मूळ रस्ता पूर्वेला, आणि तू मागच्या दाराने शिरणार? आधी खाली जुन्या ग्वाल्हेरात जा. सूफी संत मोहम्मद घौसची कबर बघ, तिच्या दगडी जाळ्या बघ. शेजारी तानसेन निजलाय. मग पायथ्याचा गुजरी महाल आणि तिथून चढ."

"मागचं दार म्हणू नका," वैदेही म्हणाली. "उरवाईच्या घळीत कातळात कोरलेले तीर्थंकर आहेत, पंधराव्या शतकातले, तोमर राजांच्या काळातले. आदिनाथ तर पन्नास फुटांच्या वर. बाबराने त्या मूर्ती फोडायला लावल्या, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. काहींचे चेहरे नंतर चुन्याने दुरुस्त केलेत. ते काय पायवाटेवरून दिसणार?"

इथे शिऱ्याने नेहमीप्रमाणे छाती काढली. "एवढं कशाला? आपल्या शिंद्यांचा किल्ला आहे, कुठूनही चढा."

मला राहवेना. शिंदे त्या किल्ल्यावर नांदले कधी? दौलतरावांची छावणी पडली खाली आणि तिचंच लष्कर नावाचं शहर झालं. १८७४चा जयविलासही खालीच. वर असायची शिबंदी. १७८० च्या ऑगस्टमध्ये एका रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या पॉपहॅम साहेबाची माणसं शिड्या लावून वर चढली. आवाज नको म्हणून पायात कापूस भरलेले लोकरी जोडे. पहारा गाफील, किल्ला गेला.

"म्हणजे सिंहगड, पण आपण आतल्या बाजूला," वैदेही म्हणाली. शिऱ्या दोन मिनिटं गप्प होता, हे नोंद करण्यासारखं आहे.

पण मास्तरांचा हुकमी पत्ता वेगळाच होता. "पायवाटेवर चतुर्भुज मंदिर लागतं. अख्खं एका कातळातलं, खोलीएवढं. लोक धापा टाकत पुढे निघून जातात. आत इ. स. ८७६चा शिलालेख आहे, त्यात देवाला दिलेल्या फुलबागेचा हिशोब. बाग २७० हात लांब, १८७ हात रुंद, रोज ५० माळा. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य बघ. आपण काढतो तसंच गोल, फक्त बाकीच्या अंकांपेक्षा बारकं."

"जगातलं पहिलं शून्य!" शिऱ्या परत सुरू.

"नाही रे," वैदेही. "कंबोडियात ६८३चा शिलालेख आहे, त्यात शून्यासाठी टिंब आहे. तो जुना."

मास्तरांना हे आवडलं नाही, पण खोडताही येईना. माझं विचाराल तर पहिलं की दुसरं यात मला फार रस नाही. कुणा राजाच्या पराक्रमात नाही, ज्योतिषाच्या पोथीत नाही, रोज किती हार यायचे या देवळाच्या जमाखर्चात ते शून्य बसलंय. म्हणजे तोवर ते कारकुनाच्या हातात रुळलेलं होतं. गाडीने गेलं की नेमकं हेच हुकतं.

आणखी एक हुकतं. मानसिंगाच्या राजवाड्याचा, म्हणजे मानमंदिराचा, खरा थाट पूर्वेकडच्या भिंतीला आहे. गोल बुरूज, निळ्या फरशांचे पट्टे आणि त्यावर ओळीने पिवळी बदकं. हे सगळं खालच्या गावाला दिसावं म्हणून केलेलं. आतल्या चौकात उभं राहिलात तर नाजूक खांब आणि जाळ्या बघायला मिळतात, पण हा रुबाब नाही.

"अहो पण आईचे गुडघे!" बंड्या कळवळून म्हणाला. यावर मात्र कुणाकडे उत्तर नव्हतं. किल्ला जमिनीपासून शंभर मीटरच्या आसपास वर आहे आणि पूर्वेचा चढ चांगलाच अंगावर येतो.

तोड वैदेहीने काढली. आईने गाडीने वर जायचं, गाडीनेच उतरायचं. बंड्याने राजवाड्याजवळच्या हत्ती पोळ दरवाज्यातून पायी खाली यायचं आणि गाडी पायथ्याच्या ग्वाल्हेर दरवाज्याशी बोलवायची. तीर्थंकरही झाले, शून्यही झालं.

"उतरताना राजवाड्याकडे पाठ होते," मास्तर.

"मान वळते, मास्तर."

मास्तरांनी हात झटकला, म्हणजे पटलं. मग शिऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा कामाची माहिती दिली. जहांगीराने शिखांचे गुरू हरगोविंद यांना याच किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं, तिथेच आज दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. लंगर असतो. दुपारी तिथेच जेवा.

बंड्याने इतका वेळ काही लिहून घेतलं नव्हतं. आता मोबाईल काढून त्याने टिपून घेतलं: लंगर.