भंगारवाला जे उचलत नाही, ते कोणी उचलायचे?

सप्रेम नमस्कार.

गावातील कचऱ्यावरच्या माझ्या लेखाबद्दल आपण लिहिले आहे की किंमत असलेली वस्तू भंगारवाला नेतोच, ओला कचरा उकिरड्यावर जातो, तेव्हा ग्रामपंचायतीने घंटागाडी घेणे ही उधळपट्टी आहे.

ज्या घरी गोठा आणि उकिरडा आहे, तेथील ओल्या कचऱ्यात पंचायतीने पडू नये, हे मलाही मान्य आहे. भंगारवाल्याचे कामही मोलाचेच आहे. परंतु तो लोखंड, रद्दी आणि जाड प्लास्टिक नेतो. खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या) पन्न्या आणि चिप्सची पाकिटे नेत नाही, कारण पाकिटात प्लास्टिक व अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणे कोणालाच परवडत नाही. आठवडी बाजार उठल्यावर हाच माल नाल्यात जातो किंवा पेटवला जातो. 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी त्याची जबाबदारी ग्रामपंचायतींवरही टाकलेली आहे.

याहून मला अधिक अस्वस्थ करते ती फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या डब्यांची गोष्ट. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तरीही असे डबे आजही धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पडलेले दिसतात. ते जाड प्लास्टिकचे असल्याने भंगारात विकले जाऊ शकतात, आणि कोणी ते धुऊन घरात वापरायलाही घेते. म्हणजे येथे वस्तूला किंमत आहे, आणि धोका त्या किमतीमुळेच गावभर फिरतो. कृषी केंद्रांना सोबत घेऊन हे डबे वेगळे गोळा करण्याचे काम पंचायतीनेच पुढाकार घेऊन करायला हवे.

खर्चाबाबतचा आपला आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत निधी ठरवला गेला, म्हणजे 2000 वस्तीच्या गावाला 1,20,000 रुपये, तेही एकदाच. त्यातून गाडी येते, चालकाची रोजची मजुरी निघत नाही, आणि मग ती गाडी पंचायतीसमोर उभी राहते. ही मजुरी घरपट्टीसोबतच्या अल्प शुल्कातून आणि दुकाने, हॉटेले, मंगल कार्यालये यांच्याकडून घ्यायच्या वेगळ्या शुल्कातून उभी करावी लागेल. एका गावाच्या पन्न्यांनी ट्रक भरत नाही, म्हणून त्याच योजनेत तालुका पातळीवरील प्लास्टिक केंद्रासाठी 16 लाख रुपयांपर्यंतची तरतूद केली गेली. तेथून न विकला जाणारा माल सिमेंटच्या भट्ट्यांना इंधन म्हणून देता येतो, आणि सिमेंटचे कारखाने आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातच आहेत. आपण आपल्या ग्रामसभेत गाडीला विरोध करण्याऐवजी चालकाच्या मजुरीची तरतूद आणि तालुक्याच्या केंद्राची सद्यःस्थिती विचारावी, अशी माझी विनंती आहे.