‘रानगवा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: हात काळे करण्याविषयी

गेल्या आठवड्यात मारुती जिप्सीच्या ढिल्या स्टिअरिंगवर लिहिलं होतं. म्हणणं एवढंच होतं की गाडी रस्त्यावर भटकायला लागली म्हणून लगेच स्टिअरिंग बॉक्सला (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडं पोचवणारी दात्यांची पेटी) पाना लावू नका, आधी खाली झोपून प्ले, म्हणजे चाकं न वळता स्टिअरिंग नुसतंच फिरतं तो ढिलेपणा, नेमका कुठं आहे ते शोधा. ‘रानगवा’ या नावानं लिहिणाऱ्या वाचकांना ते रुचलं नाही. त्यांची प्रतिक्रिया अख्खी देतो, उगाच मी सोयीचं तेवढं उचललं असं व्हायला नको:

“बॉक्सचा स्क्रू आवळायचा, एवढ्या साध्या गोष्टीला इतकं पाल्हाळ कशाला? पासिंगला तर 30 अंश प्ले चालतो. जॅकवर चाक हलवून बघा म्हणता, पण ब्रेक दाबून बघायचं लिहिलंच नाही, मग बेअरिंग गेलंय का किंग पिन, ते कळणार कसं? आणि बारा-सहाच्या जागी ‘नऊ-सहा’ लिहिलंय. आधी स्वतः हात काळे करा, मग लोकांना शिकवा.”

आधी कबुली. ‘नऊ-सहा’ ही माझी चूक. चाक वरून आणि खालून धरायचं, म्हणजे घड्याळातले बारा आणि सहा. दुरुस्त केलंय. आभार. आभार मानताना माझं काही झिजत नाही. काहींचं साधा नमस्कार लिहिताना झिजतं, ते असो.

आता ‘हात काळे करा’.

रानगवासाहेब, तुमची-माझी ओळख नाही. पण अनोळखी माणसाशी बोलायची आपल्याकडं एक रीत आहे. कोल्हापूरचा माणूस रांगडा, मान्य. पण तो आधी ‘या, बसा, च्या घ्या’ म्हणतो आणि मग शिव्या घालतो. तुम्ही चहा गाळलात आणि थेट दुसऱ्या कलमावर आलात.

माझे वडील उद्यमनगरात लेथवर होते. शाळा सुटली की मी त्यांचा रिकामा डबा आणायला जायचो आणि तासभर तिथंच घुटमळायचो. नववीच्या सुट्टीत शेजारच्या गॅरेजात बिनपगारी लागलो. सतरा नंबरचा पाना मागितल्यावर एकोणीसचा दिला म्हणून डोक्यात टपली खाल्लीय. संध्याकाळी आई दारातच थांबवायची, हातावर रॉकेल ओतायची, मग लाकडाचा भुसा आणि शेवटी साबण. तरी नखं काळीच. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये हातात हात घेतलेला फोटो आहे, त्यात बायकोची मेंदी आणि माझी नखं शेजारी-शेजारी दिसतात. सासरची मंडळी अजून तो फोटो पाहुण्यांना दाखवतात. तेव्हा हात काळे करायचा सल्ला दुसरीकडं कुठं खपतो का बघा.

आणि तुमच्या त्या ‘साध्या गोष्टी’बद्दल. स्क्रू मी आवळून घेतलेला आहे. 2014 च्या जानेवारीत. माझ्या जिप्सीच्या स्टिअरिंगला तेव्हा चांगला तीन बोटं प्ले होता. एका मिस्त्रींकडं गेलो (नाव-गाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता). त्यांनी बॉनेट उघडलं, बॉक्सवरचा लॉकनट सैल केला, पेचकसानं स्क्रू अर्धा आटा फिरवला, नट परत आवळला. पाच मिनिटांचं काम. जागेवर हलवून बघितलं तर स्टिअरिंग एकदम घट्ट, शोरूममधून काढल्यासारखं. मी खूश. दुसऱ्या दिवशी मित्राला घेऊन गगनबावड्याला निघालो.

ऊसाचा हंगाम होता. कळे गावापर्यंत समोरून एकामागून एक ट्रॉल्या, प्रत्येक ट्रॉलीतून वाढ्यांचे शेंडे हातभर बाहेर. गाडी सरळ रस्त्यावर अजून भटकतच होती. मी म्हटलं, सवय नाही, होईल. करूळ घाट उतरायला लागलो आणि पहिल्याच आखूड वळणावर फाटली. वळण संपलं तरी स्टिअरिंग मागं येईना! हात सैल सोडला की चाकं आपोआप सरळ व्हायला हवीत, तर ती वळलेलीच. प्रत्येक वळणाला ओढून आत न्यायचं आणि ओढूनच बाहेर काढायचं. एका बाजूला दरी. मित्रानं बोलणं बंद केलं होतं, आणि तो गप्प बसणाऱ्यातला नव्हे.

वैभववाडीच्या अलीकडं एका टपरीशी गाडी लावली. मित्राला म्हटलं, चावी टाकून लॉक काढ, इंजिन बंदच ठेव, आणि स्टिअरिंग चार बोटं डावीकडं, चार बोटं उजवीकडं, नुसतं हलवत राहा. मी पोतं टाकून खाली. चाकं जमिनीवरच, वजन गाडीचं गाडीवर. वरून खाली एकेक सांधा हातात धरत गेलो. कॉलमचा दांडा फिरतोय, बॉक्सही त्याच क्षणी फिरतोय. बॉक्सखालचा पिटमन आर्म हलतोय. आणि त्याच्या टोकाला ड्रॅग लिंकचा, म्हणजे तिथून चाकाकडं जाणाऱ्या दांड्याचा, बॉल जॉइंट: आर्म पुढं गेला तरी लिंक जाग्यावर, मग ‘टक्’ करून मागून निघाली. परत आला, परत ‘टक्’. रबरी बूट फाटलेला, आत ग्रीसऐवजी दाजीपूरच्या तांबड्या मातीचा लगदा. सगळा प्ले तिथं होता. बॉक्स बिचारा निर्दोष, आणि आम्ही त्याचाच गळा आवळून ठेवलेला.

आवळल्यानं गाडी का अडते, ते लेखात दोन ओळींत होतं. ते तुम्ही पाल्हाळात धरलं असणार, म्हणून परत. जिप्सीच्या रिसर्क्युलेटिंग बॉल बॉक्सची (आत आट्यांत गोळ्या फिरतात तो प्रकार) घडणच अशी की चाकं सरळ असताना दाते सगळ्यात घट्ट बसतात, आणि वळवलं की थोडे मोकळे होतात. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून झीज मधोमध होते. आता मधला झिजलेला भाग घट्ट होईपर्यंत तुम्ही स्क्रू फिरवलात, की कडेचे न झिजलेले दाते अडकणार. वळणात हात सोडला तरी स्टिअरिंग परत येत नाही ते त्यामुळं. आणि चाकं वळलेली असताना आवळलंत तर मध्यावरच जाम होतं. म्हणून बॉक्स शेवटी बघायचा: चाकं सरळ, ड्रॅग लिंक सोडवलेली, आणि बाकी सगळं निर्दोष ठरल्यावर. त्यातही आधी बॉक्सचे चासीवरचे बोल्ट सैल झालेत का, तिथं चासीला चीर गेलीय का, हे बघायचं. खडकात चालणाऱ्या गाडीला हे होतंच. हलवताना अख्खा बॉक्सच डुलत असेल तर स्क्रू फिरवून काय होणार आहे?

30 अंशांचं. नियम आहे, मी नाही म्हणत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 98. पण राव, नियम अर्धा वाचून थांबायचं नसतं. त्याच वाक्यात पुढं लिहिलंय की स्टिअरिंगच्या सगळ्या बॉल जॉइंटना रबरी टोपणं असली पाहिजेत. म्हणजे माझा तो फाटका बूट तुमच्याच नियमात नापास. आणि 30 अंश म्हणजे किती, कधी मोजलंय? 38 सेंटिमीटर व्यासाचं स्टिअरिंग धरा, रिमवर जवळपास 10 सेंटिमीटर होतात. ती वरची मर्यादा आहे, तिथंवर थांबा असा सल्ला नाही. एवढा प्ले घेऊन कळ्याच्या रस्त्यावर ऊसाच्या ट्रॉलीला बाजू देऊन दाखवा, मी हार घेऊन उभा राहतो.

ब्रेक दाबून बघण्याचा तुमचा मुद्दा किरकोळ आहे. जाणत्या माणसाला तो ओघानंच कळतो. शिवाय प्रत्येक गोष्ट लिहीत बसलो तर पाल्हाळ म्हणायला पुन्हा तुम्हीच हजर.

यापुढंही लिहा. फक्त आधी नमस्कार घाला.

ता. क. काल रात्री जिप्सीचं पुढचं डावं चाक जॅकवर घेतलं होतं, वेगळ्या कारणासाठी. बारा-सहा धरून हलवलं तर थोडं खडखडलं. मुलाला ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं. तरी खडखड राहिलीच, म्हणजे चाकाचं बेअरिंग नव्हे, पुढचं चाक ज्यावर वळतं ती किंग पिन. किंग पिनच्या बेअरिंगचा सेट सांगून ठेवलाय.