मेरी डेलींनी कोलेस्टेरॉल 'शोधलं' नाही हो!

फॅमिली ग्रुपवर काल परत तोच फॉरवर्ड, चौथ्यांदा असेल. मजकूर थोडक्यात असा, मेरी मेनार्ड डेली म्हणजे अमेरिकेत पीएचडी मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय बाई, तिने कोलेस्टेरॉलचा शोध लावला, वॉटसनने (डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक) तिचं डीएनएचं काम ढापून नोबेल नेलं आणि बिचारी उपेक्षेत गेली. बाई ग्रेटच आहेत, वादच नाही, पण चारही वाक्यं गंडलीयत.

पीएचडीचं बघा. १९२१ मध्येच तीन कृष्णवर्णीय बायकांनी अमेरिकेत पीएचडी मिळवली होती, डेलींचा जन्मच त्या वर्षीचा! त्या पहिल्या ठरल्या त्या केमिस्ट्रीत, १९४७ साली, कोलंबिया युनिव्हर्सिटीतून. विषय काय, तर स्वादुपिंडातलं अमायलेज, म्हणजे स्टार्च फोडणारं एन्झाइम, मक्याच्या स्टार्चचं काय काय करतं. पोळीचा घास जरा जास्त वेळ चावला की गोडसर लागतो ना, ते लाळेतल्या अमायलेजमुळे, त्याचाच हा पोटातला भाऊ.

कोलेस्टेरॉल तर अठराव्या शतकातच पित्ताच्या खड्यांत सापडलं होतं, आणि १९१३ मध्ये रशियात अनिचकोव्ह या शास्त्रज्ञाने सशांना ते खायला घालून रक्तवाहिन्या बिघडवून दाखवल्या होत्या. मग डेलींनी काय केलं? १९५५ पासून क्वेंटिन डेमिंग यांच्याबरोबर उंदरांवर काम करून बीपी आणि कोलेस्टेरॉल एकत्र आले की धमन्यांची जास्त वाट लागते हे दाखवलं. आज डॉक्टर दोन्ही एकदम तपासायला सांगतात ते काय उगीच?

वॉटसनचं तर उलटंच आहे. रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये मिर्स्की यांच्या लॅबमध्ये डेलींनी प्रोटीन बनण्यात आरएनएचा हात काय यावर काम केलं, त्याचा संदर्भ वॉटसनने १९६२ च्या नोबेल भाषणात दिलाय. जिच्या कामातला डीएनएचा एक्स-रे फोटो तिला न विचारता वॉटसनला दाखवला गेला ती शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन, फॉरवर्डवाल्याने दोघींची भेळ केलीय.

आणि उपेक्षा? १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन मेडिकल कॉलेजातून प्राध्यापक म्हणून रिटायर झाल्या. त्यांच्या वडिलांना कॉर्नेलमध्ये केमिस्ट्रीच शिकायची होती, पैसे संपले म्हणून सोडावं लागलं आणि पोस्टात क्लार्की केली. १९८८ मध्ये डेलींनी स्वतःच्या क्वीन्स कॉलेजात केमिस्ट्री-फिजिक्स शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांसाठी स्कॉलरशिप सुरू केली, वडिलांच्या नावाने.