पंधरा पावलांचं नेटवर्क

रविवारची गोष्ट. डोकं अजून तापलेलंच आहे म्हणून लिहून टाकतो.

कोथरूडला आमचा टू बीएचके. हॉलमधल्या डेस्कटॉपला वायरचं नेट, प्रिंटरही त्यालाच, आणि लॅपटॉप बेडरूममध्ये वायफायवर. मधे पंधरा पावलं. मोजलीयेत मी, कारण आठ दिवस हातात पेनड्राइव्ह घेऊन तेवढंच चालतोय. बेडरूममध्ये रेंज येत नाही म्हणून दुसरा राउटर आणला आणि तेव्हापासून हे दोघं एकमेकांना ओळखच दाखवेनात. नेट दोघांनाही झकास. म्हणजे लॅपटॉपला सातासमुद्रापारचं सगळं दिसतं, भिंतीपलीकडचा डेस्कटॉप तेवढा दिसत नाही. भाऊबंदकी दुसरं काय.

शनिवारची रात्र विंडोजला 'हे नेटवर्क पब्लिक नाही रे बाबा, प्रायव्हेट आहे' हे पटवण्यात गेली. पब्लिक म्हटलं की ते शेअरिंग बंद करून बसतं.

रविवारी पालथा पडून सोफ्याखालची वायर ओढत होतो तर वरच्या मजल्यावरचे काका आत. दार उघडं होतं, संपलं. काका वीजखात्यातून रिटायर. लोक खिशाला पेन लावतात, हे टेस्टर लावतात, लग्नातसुद्धा.

"काय रे, फेज गेला?"

"नाही काका, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे."

"तेच ते. सरक."

आणि खरंच त्यांनी लॅनच्या, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या, वायरच्या पिनांना टेस्टर लावला. डोळे बारीक करून बघितलं. "हिच्यात करंटच नाहीये."

"काका, यातून डेटा जातो."

"मग डेटा कशावर चालतो, चहावर?" एवढं बोलून किचनकडे बघितलं. चहा आला. मी सकाळपासून दोनदा मागितला होता, ते असो.

"तारा किती आत?"

"आठ. चार जोड्या."

"आठ!" कप खाली ठेवला. "अरे आम्ही चार तारांवर अख्खी डहाणूकर कॉलनी चालवली. आणि तुला एका घराला आठ लागतात, तरी बंदच!"

बायको हसली. एवढं हसण्यासारखं काय होतं मला अजून कळलेलं नाही.

तेवढ्यात मला मूळ दुखणं सापडलं होतं. डेस्कटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि लॅपटॉपचा १९२.१६८.०.३. तिसरा आकडाच वेगळा. म्हणजे नवीन राउटरने येऊन स्वतःची वेगळी चूल मांडलेली, आपल्या पोरांना आपलेच पत्ते वाटतोय. उपाय सोपा. त्याचं पत्ते वाटणं, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचं आणि जुन्या राउटरकडून आलेली वायर त्याच्या वॅनच्या, म्हणजे बाहेरचं नेट घेण्याच्या, निळ्या भोकातून काढून लॅनच्या पिवळ्या भोकात घालायची, मग सगळे एका घरात. सेटिंग मी लॅपटॉपवरून केलं. वायर बदलायला उठतोय तर काका आधीच राउटरपाशी.

"निळं भोक म्हणजे न्यूट्रल," म्हणाले, आणि वायर उपटून पिवळ्यात घातली.

वायफाय एकदा बंद-चालू केलं आणि लॅपटॉपवर डेस्कटॉप दिसला. प्रिंटरसकट! आता कोणाला सांगू की खरं काम डीएचसीपीचं होतं? बायको म्हणाली, "बघा, काकांनी दोन मिनिटांत केलं." आठ दिवस माझे!

"टेस्ट म्हणून माझंच काढ," काका म्हणाले. "सकाळी व्हॉट्सअॅप केलंय तुला, बघत नाहीस. दोन कॉपी."

अच्छा, म्हणून आले होते तर. लॅपटॉपवर फाईल उघडली, न वाचताच प्रिंट दिली. हॉलमध्ये प्रिंटर घरघरला. आठ दिवसांत पहिल्यांदा एकही पाऊल न चालता कागद निघाला, आणलासुद्धा काकांनीच. वर माझी सही मागितली, पोच म्हणून.

सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज होता. विषय: तळमजल्यावरील स्कूटर पट्ट्याबाहेर लावण्याबाबत. खाली नंबर माझ्या गाडीचा.