सपक करा

एका पतसंस्थेचं ॲप मराठीत करायचं काम आलं तेव्हा मी मॅनेजरला बेधडक 'दोन दिवस' सांगून टाकले. इंग्रजी ॲप चालू होतंच, फक्त शब्द बदलायचे होते. ते मी एका दुपारीत बदललेही. संध्याकाळी आमच्या टेस्टरने स्क्रीनचा फोटो पाठवला. मदतीच्या पानावरचं हिरवं बटण म्हणत होतं, 'सपक करा'.

मी 'संपर्क करा'च लिहिलं होतं. फाइल पाच वेळा उघडून पाहिली. मग फोन नाकाला लावला तेव्हा बटणाच्या वरच्या कडेला अनुस्वाराचा आणि रफाराचा एकेक कण दिसला. न्हाव्याने मशीन फिरवावं तसा शब्दाचा माथा साफ झाला होता.

त्याचं असं आहे, की रोमन अक्षरं खालच्या रेघेवर बसतात आणि आपली वरच्या रेघेला लटकतात. नुसती लटकतील तर शपथ! वेलांट्या, मात्रा, रफार यांचा संसार माळ्यावर आणि उकारांचा तळघरात. डिझायनरने ओळीची उंची १.० ठेवली होती, म्हणजे अक्षराच्या मापाएवढीच. इंग्रजीला ती वन रूम किचनसारखी पुरते. मी १.५ केली. माथा वाचला, पण बटणाची उंची ४० वर खिळवलेली, त्यामुळे 'सुरू करा'तल्या 'सु'चा उकार तळाशी कापला गेला. खिळा उपटला, बटण वाढलं आणि त्याने शेजारच्या खोक्याला ढकललं.

फ्लटरमध्ये, म्हणजे ज्या साधनाने आम्ही ॲप बनवतो त्यात, मजकूर मावला नाही की चौकटीच्या कडेला पिवळे-काळे तिरपे पट्टे येतात, रस्ता खोदल्यावर लावतात तसे. सोबत हिशेबही मिळतो : 'ओव्हरफ्लोड बाय १४ पिक्सेल्स'. ते १४ काढले की दुसरीकडे ६ निघायचे, ६ मिटवले की तिसरीकडे २२. तिसऱ्या रात्री मी एक्स्पांडेडमध्ये, म्हणजे उरलेली जागा भरणाऱ्या खोक्यात, आणखी एक्स्पांडेड घालत बसलो होतो. बायकोने विचारलं, "नक्की काय बिघडलंय?" म्हटलं, "बटण दोन पिक्सेल खाली आहे." तिने दिवा घालवला.

शेवटी सोपा मार्ग धरला. एकच ओळ, मावली नाही तर पुढे तीन टिंबं. सगळे पट्टे एका झटक्यात गेले! मी खाली जाऊन कटिंग घेतला. परत येतो तर टेस्टर खुर्ची ओढून माझ्याच टेबलाशी बसलेली.

"सर, हे वाचा."

'तुमचा हप्ता जमा झाला…'

"मग? चांगलं आहे की."

"मूळ वाक्य वाचा, सर."

मूळ वाक्य होतं, 'तुमचा हप्ता जमा झाला नाही'. इंग्रजी माणूस नकार आधी देऊन मोकळा होतो. आपण समोरच्याला अख्खं वाक्यभर आशेवर ठेवतो आणि 'नाही' अगदी टोकाला आणतो. टिंबांनी नेमकं तेवढंच गिळलं होतं. पतसंस्थेचे अर्धे थकबाकीदार त्या रात्री शांत झोपले असते. ही स्क्रीन चेअरमनसाहेबांच्या आधी तिने पाहिली, म्हणून मी अजून नोकरीत आहे.

मग टिंबं काढली आणि प्रत्येक शब्दाला हवं तेवढं पसरायची मुभा दिली. दोन दिवसांचे अकरा झाले. चेअरमनसाहेबांनी ॲप उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "ते रुपयाचं चिन्ह जरा वर घ्या." घेतलं.

रविवारी कौतुकाने आईच्या फोनवर टाकलं. अँड्रॉइड १४ पासून अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात आणि आईने ती केलेली आहेत. तिने चष्मा लावून ॲप उघडलं, बराच वेळ पाहत राहिली.

"अक्षर छान मोठं आहे हो. पण मी अजून हातही लावला नाही, तर हे मला 'बाहेर पडा' का म्हणतंय?"

लॉगआउटचं बटण माझ्या मुभेनुसार अर्ध्या स्क्रीनभर पसरलं होतं. शिल्लक रक्कम त्याच्याखाली कुठेतरी होती.