भावी अर्जदारांनो, कोर्टाची पायरी अशी चढा

अंतिम निवड यादीत तुमचं नाव नाही. तुमच्यापेक्षा दोन गुण कमी असलेल्याचं आहे, आणि त्याचं अनुभव प्रमाणपत्र अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतरचं आहे हेही तुम्हाला कळलंय. अभ्यासिकेतले मित्र म्हणतील, "सोड रे, पुढची जाहिरात येतेय." अजिबात ऐकू नका. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये हे खरं, पण पाच वर्षं सरकारी जाहिरातीची वाट पाहणाऱ्यांच्या शहाणपणाबद्दल कुणाचाच गैरसमज उरलेला नाही.

आव्हान कधी द्यायचं, ही यातली खरी कला. जाहिरातीतली अटच सेवाप्रवेश नियमांच्या विरुद्ध दिसली तरी तेव्हा गप्प बसा. उगाच कशाला विभागाच्या डोळ्यांत यायचं? कदाचित निवड होऊनही जाईल. परीक्षा द्या, मुलाखत द्या, नापास व्हा आणि मग मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जा. तिथे सरकारची बाजू मांडणारे सादरकर्ता अधिकारी उठून शांतपणे सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा मदनलाल निकाल वाचतील: प्रक्रियेत राजीखुशीनं भाग घेतला, नशीब आजमावलं, निकाल मनासारखा लागला नाही म्हणून आता तीच प्रक्रिया चूक म्हणता येणार नाही. तुमच्या वकिलांनी २०१९ चा मीता सहाय निकाल शोधला असेल तर बरं. उमेदवार प्रक्रिया मान्य करतो, तिच्यातला बेकायदेशीरपणा नाही, असं त्यात म्हटलंय. पण बहुतेकदा तो निकाल पुढच्या तारखेला सापडतो.

उत्तरतालिका चुकली असेल तर तीन संदर्भग्रंथ पिवळ्या चिठ्ठ्या लावून घेऊन जा. वजन छान पडतं, निदान पाठीवर. रणविजय सिंह प्रकरणात डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की उत्तरतालिका बरोबर आहे असंच धरून चालायचं, आणि शंका असेल तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्याला. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, हे तुम्ही याच परीक्षेसाठी पाठ केलं होतं ना? तो फौजदारी कायदा झाला. भरतीत आरोपी कोण, हे आधी नीट ठरवून घ्या.

आता प्रतिवादी. ज्यांची निवड रद्द व्हावी असं तुम्हाला वाटतं, त्यांना पक्षकार केलं नाही तर १९८४ च्या प्रबोध वर्मा निकालावर बोट ठेवून अर्ज तिथेच बाजूला पडतो. म्हणून पत्ते गोळा करा. सोपं आहे, ज्याच्या थर्मासमधला चहा तुम्ही तीन वर्षं प्यायलात, ज्याच्या चालू घडामोडींच्या नोट्सची झेरॉक्स अजून तुमच्या टेबलावर आहे, तोच आता प्रतिवादी क्रमांक ४. त्याच्या घरी नोटीस पोचल्याचं प्रतिज्ञापत्र तुम्हालाच करायचंय. त्याची आई पोचपावतीवर सही करताना तुमची चौकशी करेल. तो भाग प्रतिज्ञापत्रात लिहायची गरज नसते.

घोटाळा सिद्ध करणार असाल तर बेतानं करा. दोनचार नावं वेगळी काढता आली तर ठीक. सगळी प्रक्रियाच नासली आणि खरा-खोटा वेगळा काढता येईना, तर पूर्ण यादी जाते. पश्चिम बंगालमधल्या २०१६ च्या शालेय भरतीतल्या २५ हजारांहून अधिक नियुक्त्या ३ एप्रिल २०२५ रोजी अशाच गेल्या. प्रामाणिकपणे पास झालेलेही त्यात गेले.

यादीत नाव असलेल्यांनीही फार हसू नये. नुसतं यादीत नाव आल्यानं नेमणुकीचा हक्क मिळत नाही, हे शंकरसन दास प्रकरणात १९९१ सालीच ठरलंय. सरकारनं मनमानी करू नये, एवढं मात्र त्यात आहे. ती मनमानी होती हे दाखवण्यासाठी तुम्हीही आमच्याच रांगेत येणार.

आणि धीर सोडू नका, न्याय मिळतो. खुद्द राजस्थान उच्च न्यायालयानं २००९ मध्ये अनुवादकांची १३ पदं काढली. २१ जण परीक्षेला बसले. परीक्षा झाल्यावर ७५ टक्के गुणांची अट आली आणि तिघेच उरले. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलता येतात का, हा प्रश्न २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाकडे गेला. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींनी उत्तर दिलं: नियमांत किंवा जाहिरातीतच तशी मुभा नसेल तर येत नाहीत. जाहिरातीपासून मोजली तर पंधरा वर्षं. आपल्याकडे खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे, तेव्हा विशीतच कोर्टात जायला सुरुवात केलेली बरी.

तोवर अंतरिम आदेश मिळेल: नियुक्त्या अर्जाच्या अंतिम निकालाच्या अधीन राहतील. याची प्रत जपून ठेवा. प्रतिवादी क्रमांक ४ प्रशिक्षण संपवून रुजू होईल, पहिली वेतनवाढ घेईल, हे सगळं तुमच्या अर्जाच्या अधीन राहूनच. सरकारी बाजू उत्तरासाठी मुदत मागेल, मग शेवटची मुदत, मग अगदी शेवटची.

शेवटी निकाल लागेल. अर्जदारानं विभागाकडे नव्यानं निवेदन द्यावं, विभागानं त्यावर कायद्यानुसार निर्णय घ्यावा, अर्ज निकाली. तुम्ही त्याच इमारतीत त्याच आवक खिडकीशी जाल. आतला माणूस निवेदन उलटसुलट करून पाहील आणि म्हणेल, "पोच हवीय? मग दुसरी प्रत कुठंय? झेरॉक्स खाली मिळते."